गारगोटी ते थोरला दवाखाना: योजनेत बसणारा छातीचा डॉक्टर शोधताना

मामांना दम लागतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला आजार कुणी म्हणत नव्हतं. "वय झालं," एवढ्यावर विषय संपायचा. दिवाळीनंतर गोठ्यातून परड्यात जाईपर्यंत त्यांना दोनदा बसावं लागलं, तेव्हा मामीचा मला फोन आला. म्हणाली, "कोल्हापुरात छातीचा डाक्टर बघ. पर योजनेतला बघ बाई, म्हस इकाय लागू नये."

मामांचं वय ७२, गाव गारगोटीच्या पुढे, रेशनकार्ड केशरी. मला वाटलं, सोपं काम आहे. एका ओळखीच्याने शहरातल्या एका खाजगी दवाखान्याचं नाव सांगितलं. बाहेर महात्मा फुले योजनेचा, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा, मोठा फलक होता. पहिल्या एसटीने निघालो, तिथे दोन तास बसलो, तपासणीची फी भरली आणि मग योजनेच्या टेबलावर गेलो. तिथला मुलगा समजुतीने म्हणाला, "ताई, आमच्याकडे योजना हाडांच्या ऑपरेशनला आहे. छातीला नाही." मामा काही बोलले नाहीत. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसून राहिले. त्यांना एवढा प्रवास घडवला आणि हाती काही नाही, याचं मला फार लागलं.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या आणि त्या सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पहिली अशी की रुग्णालय योजनेत असणं आणि तुमच्या आजारासाठी योजनेत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाची नोंदणी विशेषोपचारानुसार होते. एकाच इमारतीत गुडघ्याचं ऑपरेशन योजनेत आणि न्यूमोनिया रोख पैशांत असं असू शकतं. म्हणून फोनवर "तुमच्याकडे योजना आहे का?" असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल आणि उपयोग शून्य. "फुफ्फुसाच्या आजारासाठी, म्हणजे पल्मोनॉलॉजीसाठी, योजना चालू आहे का आणि आरोग्यमित्र किती वाजता भेटतील?" असं विचारा. आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस. योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवरही जिल्हा आणि आजार सांगून रुग्णालयांची नावं मिळतात. कागद-पेन घेऊन बसा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून खात्री करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटसाठी आहे. डॉक्टरची फी, एक्स-रे, फुंकण्याची तपासणी, महिन्याचे श्वासाचे पंप (इनहेलर) हे बाह्यरुग्ण म्हणून गेलात तर तिच्यात येत नाही. मामांना आधी हवं होतं निदान. म्हणजे आम्ही शोधत होतो तो 'योजनेतला डॉक्टर' त्या घडीला आमच्या कामाचाच नव्हता. आम्हाला हवा होता सरकारी दवाखान्यातला छातीचा विभाग. योजना कधी लागणार, तर ॲडमिट करायची वेळ येईल तेव्हा.

दुसऱ्या खेपेला थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. गारगोटीहून एसटीला दीड-दोन तास धरा. मध्यवर्ती स्थानकावर उतरून रिक्षावाल्याला सीपीआर म्हणा नाहीतर थोरला दवाखाना म्हणा, तो दसरा चौकाजवळ, टाऊन हॉलच्या समोर आणून सोडतो. मेडिकल कॉलेजची इमारत शेंडा पार्कात आहे, तिकडे जाऊ नका. पेशंटने सीपीआरलाच यायचं. सकाळी लवकर पोचा, कारण केसपेपरच्या रांगेतच निम्मा वेळ जातो. दम लागणाऱ्या माणसाला रांगेत उभं करू नका. बाकड्यावर बसवा आणि आधार कार्ड घेऊन तुम्ही उभे राहा. जिन्याची वेळ आली तर आधी लिफ्ट किंवा व्हीलचेअर विचारा, मागायला लाजू नका.

छातीच्या ओपीडीत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा पहिला प्रश्न विडी-सिगारेटचा. मामांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. दुसरा प्रश्न, "काम काय करत होता?" मामा म्हणाले, "शेती." मी मध्ये बोलले म्हणून बरं झालं. मामांनी तीसेक हंगाम गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड घालायचं काम केलंय. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं आणि मग धुराबद्दल दहा मिनिटं विचारत राहिल्या. आपल्या जिल्ह्यात हे सांगणं फार गरजेचं आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलं असेल तर वाळूची धूळ सांगा, त्यातून सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. साखर कारखान्यात बुरशी आलेला बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, हाताळला असेल तर तेही सांगा. त्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला बगॅसोसिस असं वेगळं नावच आहे. घरातल्या बाईने चुलीपुढे जन्म काढला असेल तर तीही धुरातलीच. नुसतं "शेती" म्हणून सोडू नका. फाउंड्रीत ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पगारातून कपात होत असेल, तर त्या विम्याचा दवाखाना वेगळा असतो, ते कार्डही बरोबर ठेवा.

आधी एक्स-रे आणि टीबीसाठी थुंकीची तपासणी झाली. थुंकी म्हणजे लाळ नव्हे, सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेला बेडका लागतो. मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मशीनजवळचा भाऊ ओरडतोय, "सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका काका!" कमीत कमी सहा सेकंद हवा सोडत राहायचं, आणि तेही तीनदा. दुसऱ्या वेळी मामांना चक्कर आल्यासारखं झालं. त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग तिसरी. नंतर सालब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सगळं. पंपानंतर फुंकर बरीच सुधारली तर कल दम्याकडे. फारशी सुधारली नाही आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खाली राहिली, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. मामांचं दुसरं निघालं. या तपासणीआधी पोटभर जेवू नका, कपडे सैल घाला, आणि आधीचा पंप चालू असेल तर तो किती तास बंद ठेवायचा हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.

औषध म्हणून रोटाहेलर मिळाला, म्हणजे औषधाची पूड श्वासाने ओढायचं छोटं यंत्र. त्यातली कॅप्सूल गिळायची नसते. मामांच्या शेजारचे एक आजोबा महिनाभर ती पाण्याबरोबर गिळत होते. यंत्रात कॅप्सूल फोडून जोरात आणि खोल ओढायचं, दहापर्यंत श्वास धरायचा आणि नंतर चूळ भरायची. नर्सपुढे स्वतः करून दाखवल्याशिवाय तिथून उठू नका. बाहेरून घ्यावं लागेल ते आधी जनऔषधी दुकानात विचारा.

त्याच आठवड्यात कार्डाचं काम उरकलं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, नाहीतर ओटीपी येत नाही. आमचा सगळा एक दिवस त्यातच गेला. रेशनकार्डावर मामांचं नाव एक आणि आधारवर दुसरं होतं. हे दुखणं नसतानाच दुरुस्त करून घ्या. पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनीही आपण फुले योजनेत नाही असं धरून चालू नये. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आणि वर्षाची मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर गेली.

कार्ड लागलं पावसाळ्यात. मामांना सर्दी झाली, दोन दिवसांत ओठ निळसर पडले. या वेळी नावं वहीत लिहिलेली होती. छातीसाठी योजना चालू असलेल्या एका रुग्णालयात रात्री नेलं. मामांना आत घेतल्याबरोबर, डिपॉझिटचा शब्द निघायच्या आधी, मी आरोग्यमित्र कुठे आहेत विचारलं. त्यांनी कागद घेतले, पूर्वपरवानगीचा अर्ज ऑनलाइन टाकला. नुसता दम लागतो म्हणून योजनेत दाखल करत नाहीत, आजार पॅकेजच्या यादीत बसावा लागतो. आमचा बसला, त्यात सीपीआरच्या जुन्या रिपोर्टांचा मोठा हात होता. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. तसं सांगितलं तर भांडण्यात वेळ घालवू नका, लेखी घ्या आणि सीपीआर गाठा. सहा दिवसांनी मामा घरी आले. म्हैस गोठ्यात आहे.

आता मामीने दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी अडकवली आहे. तिच्यात फाईल, रेशनकार्ड, आधार, वय वंदना कार्ड आणि नंबरांची वही. फेरतपासणीला जाताना तीच पिशवी उचलायची आणि रोटाहेलर आठवणीने आत टाकायचा. डॉक्टरीणबाई दर वेळी मामांना तो ओढून दाखवायला लावतात.