बोका गप्प होता

फोनवर तक्रार होती बद्धकोष्ठाची. "सकाळपासून वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, पण काही होत नाही. एरंडेल देऊ का?" मी विचारलं, बोका की भाटी? बोका, म्हणाले. मग म्हटलं, काहीही देऊ नका, आहे तसा उचलून घेऊन या.

नर मांजराची मूत्रनलिका टोकाशी इतकी अरुंद असते की थोडा गाळ, थोडा चिकट स्राव किंवा नुसती सूज आली तरी ती बंद होते. घरच्यांना कुंथणं दिसतं आणि वाटतं, संडास अडकली. एरंडेल पाजण्यात एक दिवस जातो. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, त्यामुळे तो एक दिवस फार मोठा असतो.

बाप्या पाच वर्षांचा, पिवळा, नसबंदी झालेला, कधीही घराबाहेर न गेलेला, कोरड्या खाण्यावर साडेसहा किलोपर्यंत वाढलेला. पोटाला हात लावला तर मूत्राशय कच्च्या मोसंब्यासारखं टणक. अशा दुखऱ्या पोटाला हात लावला की मांजर ओरबाडतं. हा मान टाकून पडला होता. थर्मामीटरवर 97 फॅरनहाइट, जिथे 100 च्या वर हवं. ठोके मिनिटाला 110. माणसाच्या डॉक्टरला हे ठीक वाटेल, पण दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे ठोके 180-200 असतात. अंग थंड आणि हृदय मंद, म्हणजे लघवी अडल्यामुळे रक्तात पोटॅशियम साठलंय आणि ते आता हृदय थांबवायच्या बेतात आहे.

पोटॅशियम मोजायचं तर रक्त बाहेर पाठवावं लागतं. जवळची लॅब "जनावराचं रक्त" म्हटलं की नमुना हातातसुद्धा घेत नाही. यंत्र तेच, रसायन तेच, पैसे आम्ही देतोच, तरी नाही. सांगलीसारख्या गावात मांजर पाळणारे इतके वाढलेत आणि आम्ही अजून अंदाजावर जीव वाचवतोय, याचा मला मनापासून राग येतो. ईसीजी लावला. पोटॅशियम वाढल्याची खूण समोर होती: पी लहर नाहीशी झालेली, टी लहर उंच, टोकदार. मला तेवढं पुरेसं होतं.

आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, शिरेतून, अगदी सावकाश, डोळे ईसीजीच्या पट्टीवर. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला अर्ध्या तासाचं संरक्षण मिळतं. त्या अर्ध्या तासात पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यायचं आणि वाट मोकळी करायची.

कॅथेटर, म्हणजे लघवीची बारीक नळी, घालणं हे संपूर्ण हाताचं काम आहे. लिंग बाहेर काढून मागे, शेपटीच्या दिशेने ओढून धरायचं, म्हणजे आतली नलिकेची वळी सरळ होते. हे नीट केलं नाही तर कितीही बारीक कॅथेटर असला तरी तो वळणावर अडतो, आणि घाईत जोर लावला की नलिका फाटते. ढकलायचं नाही, सलाईनने वाट करायची. सिरिंजने थोडं सलाईन सोडायचं, थांबायचं, टोक किंचित फिरवायचं, पुन्हा सोडायचं. टोकाला वाळू घासल्यासारखी करकर बोटांना कळते. मदतनिसाने बाप्याला असं धरलं होतं की मला एकदाही "हलवू नको" म्हणावं लागलं नाही. अचानक अडथळा सुटला आणि गडद लाल लघवी नळीतून धावली. अर्ध्या तासात ठोके 150 वर आले.

मग मी घरच्यांना बोलावून विचारलं, "घरात नवीन काही झालंय का?"

"नाही हो डॉक्टरीणबाई, सगळं तेच," आजी म्हणाल्या.

कोपऱ्यात उभा असलेला नातू म्हणाला, "ब्रूनो आलाय ना."

पंधरवड्यापूर्वी त्याच्या वाढदिवसाला लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याचे बाबा म्हणाले, "पण दोघांचं छान जमलंय, मॅडम. एकदाही भांडण नाही. बाप्या त्याला काही म्हणतच नाही, दिवसभर दिवाणाखाली गप्प असतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फिस्कारणारं, पंजा मारणारं मांजर दिसलं की सगळे धावतात. दिवसभर दिवाणाखाली बसणारं मांजर दिसलं की म्हणतात, सवय झाली. मांजर शिकारी आहे, पण मोठ्या प्राण्यांची शिकारही होतं. म्हणून ते त्रास दाखवत नाही, लपतं. पिल्लू विकणाऱ्यानेही यांना सांगितलं होतं, "आठवडाभरात सवय होते, मांजराची काळजी नको."

लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रक्तपेशी, स्ट्रुवाइट या क्षाराचे थोडे कण, जंतू नाहीत. सोनोग्राफीत मोठा खडा नाही. मूत्राशयाची अशी सूज, जिच्यामागे जंतूही नाही आणि खडाही नाही, तिचा ताणाशी संबंध आहे हे आता नीट अभ्यासलं गेलंय. अमेरिकेत पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांच्या गटाने 2006 मध्ये अशा 46 घरगुती मांजरांवरचं काम छापलं. घरातली व्यवस्था बदलली, लपायला, चढायला, निवांत खायला जागा दिली, तेव्हा त्यांचा त्रास स्पष्ट कमी झाला. माझ्या शिक्षणात मात्र गाई-म्हशींचा अभ्यास इतका होता की मांजर म्हणजे लहान कुत्रा, असंच आम्ही धरून चाललो.

बाप्या कॅथेटरवर असताना मी त्यांच्या घरी गेले. ट्रे न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात, आणि बोळाच्या तोंडाशीच ब्रूनोची गादी. ट्रेकडे जायचं तर पिल्लाला ओलांडून जायचं, आणि पिल्लू खेळायला झेपावणार. ट्रेमधली मांजराची शी ते आवडीने खात होतं, म्हणून सूनबाई बोळ दिवसातून कितीदा तरी फिनाईलने पुसत होत्या. फिनाईल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि त्या उग्र वासात ते ट्रेमध्ये पाय ठेवायलाही तयार नसतं. आजींच्या कपाटावर बाप्याची बसायची जागा होती, तिथे आता ब्रूनोच्या खाण्याची गोणी होती.

बाबांनी सरळ विचारलं, "पिल्लू परत देऊ का?"

खरा पेच इथे आहे. पिल्लाला जग ओळखायला शिकवायचा काळ साधारण तीन ते चौदा आठवड्यांचा. ब्रूनो नऊ आठवड्यांचा होता. मांजराशी सभ्य वागायला शिकायचं तर आत्ताच, आणि बाप्याला आत्ता पिल्लाची सावलीही नको. एकाला जे हवं तेच दुसऱ्याला घातक.

मी परत द्या म्हटलं नाही. आजींची खोली बाप्याची केली. ट्रे तिथे, आणखी एक ट्रे गच्चीच्या जिन्यापाशी, कपाट रिकामं, फिनाईल बंद, जेवण ओलं. दाराला जाळी. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून बाप्याच्या गालांवरून फिरवलेलं फडकं ब्रूनोच्या वाटीखाली, ब्रूनोच्या गादीचा तुकडा बाप्याच्या खोलीत, पण ट्रे आणि वाटीपासून लांब. पिल्लू पट्ट्यावर, फिरून दमल्यावर, जाळीपासून दूर बसवायचं, तेव्हा आजींनी बाप्याला उकडलेलं चिकन भरवायचं. बाप्याचे कान मागे वळायच्या आधी थांबायचं. मोबाइलवरच्या व्हिडिओंत पिल्लू आणि मांजर तोंडाला तोंड लावून भेटवतात त्याला माझा ठाम विरोध आहे.

आजींनी हे सगळं माझ्यापेक्षा नेटाने केलं. आता बाप्या कपाटावरून उतरून पलंगावर येतो, ब्रूनो जाळीपलीकडे असतानाही खातो. लघवी साफ आहे. पण तुंबलेले बोके पुन्हा तुंबतात. आणि पिल्लू आलं नसतं तरी हा जाडा, घरात बसलेला, कोरडं खाणारा बोका तुंबला असता का, हे मला कुणी सांगू शकणार नाही. बाप्याला दुसऱ्यांदा आणलं, तर मी पिल्लू ठेवायला सांगितलं त्याचं काय, हा विचार मनात आहेच.

तेव्हापासून पिल्लाला पहिल्या लसीला आणलं की मी घरात मांजर आहे का आणि त्याचा ट्रे कुठे आहे, हे विचारते. परवा एक गृहस्थ जरा वैतागलेच. म्हणाले, "आहे एक बोका. पण तो काही त्रास देत नाही, असतो आपला कुठेतरी." मी लस बाजूला ठेवली आणि कुठेतरी म्हणजे नक्की कुठे, ते विचारायला लागले.