३६२.२ च्या शेजारी

लायब्ररीत वीस वर्षं घालवली की माणसंसुद्धा नंबरानं आठवायला लागतात. पुस्तकांना विषयवार नंबर देणाऱ्या ड्युईच्या वर्गीकरणात मानसिक आजारी लोकांसाठीच्या सेवा ३६२.२ ला आणि शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीच्या ३६२.४ ला, मध्ये फक्त ३६२.३. म्हणजे एकाच रॅकवर, हात लांब केला की शेजारचं पुस्तक. मी पीएचडी केली ३६२.४ वाल्यांवर आणि स्वतः राहायला होते ३६२.२ मध्ये, हे माझ्या गाईडलासुद्धा शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. (घरी मी ‘आलो-गेलो’च म्हणते, आमच्याकडच्या बायका तशाच बोलतात, इथं टाइप करताना मात्र आपोआप ‘आले-गेले’ होतं, शाळेचा संस्कार.) प्राध्यापकीच्या ‘नेट’ परीक्षेच्या पेपरात ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम घोकून लिहिले होते, त्यातला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’. मार्क मिळाले, विषय संपला.

मग काउंटरवर तो आला. निपाणीकडचा, बी.ए.ला, जन्मापासून अंध. मी ऐटीत मराठीच्या नोट्सची पीडीएफ पेनड्राइव्हवर दिली, दुसऱ्या दिवशी परत. म्हणाला, “मॅडम, हे मराठी नाही, काय तरी वेगळंच बोलायलंय.” त्यानं लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ऐकवलं तर इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, स्वल्पविराम असला सगळा कचरा. कारण काय, तर आपल्याकडं डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, दिसायला ‘क’ पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच, कॉम्प्युटरला मराठी म्हणून ओळखता येणारं युनिकोड नाहीच. डोळ्याला मराठी, कानाला कचरा. आणि स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर नुसता फोटो, त्यात वाचण्यासारखं काहीच नाही. रॅम्प आहे, व्हीलचेअर आहे, फलकाचं उद्घाटनसुद्धा झालेलं, पण मराठी वाक्य एक ऐकू येत नाही. त्यात आमचा भाग असा की शाळा मराठीत, ऑफिसचं पत्र कन्नडमध्ये, परीक्षेची पुस्तकं इंग्रजीत, त्या पोराला एका दिवसात तीन आवाज बदलायला लागतात. मोठ्या शहरांतल्या सेमिनारात हे कुणी बोलत नाही, तिथं सगळं इंग्रजीतच अ‍ॅक्सेसिबल.

माझा विषय तिथून सुरू झाला. कायदा वाचला तर आपला कायदा चांगलाच निघाला. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग वाचकासाठी पुस्तक त्याला वापरता येईल अशा रूपात करून द्यायला परवानगी, अंधांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ चा, आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. म्हणजे अडचण कायद्याची नाही, टायपिंगला माणूस नाही ही. मी दोन पोरी बसवल्या, कॉलेजची जुनी मासिकं परत टाइप करायला.

चौथं प्रकरण लिहिताना मला वाचता येईना. डोळे ठीक, चष्म्याचा नंबर तोच. पण एक ओळ वाचायची, पुढच्या ओळीला मागची गेलेली, परत वर. आमच्याकडचा जुलैचा पाऊस, कौलावर आवाज, आणि मी एका पानावर तास तास. धारवाडला डॉक्टर, गोळ्या, डिप्रेशन. पुस्तक म्हणून विचाराल तर ६१६.८५२७, मी स्वतःच्या हातानं त्याच्यावर लेबलं चिकटवलेली. घरी सांगितलं थायरॉईड. आई रोज विचारायची, “थायरॉईडला इतकं झोपायला लागतंय होय गं?”

सहा महिने गेले. एकदा त्याच पोराचा फोन, तोवर तो एम.ए.ला गेलेला. खोटं बोलायचा कंटाळा आला होता म्हणून सांगून टाकलं, वाचता येईना झालंय. तो सहज म्हणाला, “मग ऐका की मॅडम. डोळे चालतात म्हणून वाचलंच पाहिजे असं कुठं लिवलंय?” आणि त्यानं त्याच्या फाइल पाठवल्या. त्याच्या स्पीडला मला एक शब्द कळला नाही, तो रेल्वेसारखं ऐकतो. मी अगदी हळू केलं. पहिलं पूर्ण ऐकलं ते आमच्याच पोरींनी टाइप केलेलं, भाताच्या लावणीवरचा एका विद्यार्थ्याचा लेख, टायपिंगच्या चुकांसकट. ‘चिखल’च्या जागी दोनदा ‘खिचल’. मी मागं घेऊन परत ऐकलं आणि हसले, किती तरी दिवसांनी.

नंतर थिसिस झाला, पदवी आली. एका इंटरव्ह्यूत कमिटीनं विचारलं, या सहा महिन्यांत काय करत होता? समोर माझाच समावेशक ग्रंथालय सेवेवरचा थिसिस ठेवलेला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, मानसिक आजार त्यात आहे, खरं तर तो १९९५ च्या कायद्यातही होता, हे मी त्याच थिसिसमध्ये लिहिलेलं. आणि मी म्हटलं, “आईची तब्येत बरी नव्हती.” त्यांनी मान डोलावली. नोकरी मिळाली.

आईला हे अजून सांगितलेलं नाही, तिच्या नावावर सहा महिन्यांचं आजारपण लावलंय ते. पोराला मात्र सांगितलं. तो म्हणाला, “मला ते सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय कोण खुर्चीबी देत नाही, तुमचं बरं आहे की, लपवता येतंय.” मला राग आला होता खरं सांगायचं तर, दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज, कुठली तरी परीक्षेची फाइल, “मॅडम, हे पण डॉलर बोलायलंय, बघा जरा.”