मेयोच्या बाई

आमच्या शेजारच्या बाई गेल्या. शंभरी ओलांडली होती. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत आम्ही राहतो. इथे अजूनही स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचून दाखवतात आणि तेवढा वेळ घराघरांत बोलणं थांबतं. बाईंचं नाव तसंच कानावर आलं. नंतर नेटवर निवेदन आलं: निवृत्त शिक्षिका, चार मुलांची आई, नातवंडा-पतवंडांची लाडकी नॅना. सगळं खरं आहे. पण शिक्षिका आणि आई या दोहोंपैकी काय ते एकच हो, असं या देशाने एके काळी बायकांना नियम करून बजावलं होतं. बाई दोन्ही झाल्या. त्या कशा झाल्या ते मला तिकडच्या माझ्या माणसांना सांगायचंय.

जन्म १९२४चा, शेतकऱ्याच्या घरातला. शाळेत जाताना प्रत्येक मुलाने काखेत टर्फचा एक तुकडा न्यायचा. दलदलीतली माती विटेसारखी कापून वाळवतात, ते हे जळण. त्यावर वर्ग उबदार राहायचा. बाई वरच्या वर्गात असताना लोकपरंपरा जमवणाऱ्या आयरिश फोकलोर कमिशन या संस्थेने देशभरातल्या शाळांना एक काम दिलं. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांमधल्या मुलांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या गोष्टी, औषधं, समजुती वहीत उतरवल्या. बाईंनी आजीला विचारून लोण्याबद्दल लिहिलं होतं. घुसळण चालू असताना जो कोणी घरात येईल त्याने घुसळायला हात लावलाच पाहिजे, नाहीतर लोणी धरत नाही, ही आजीची समजूत त्यात होती. हा सगळा संग्रह आता डूखस नावाच्या संकेतस्थळावर आहे. नातीने तिथून शोधून ते पान दाखवलं, तेव्हा बाईंनी आधी स्वतःच्या अक्षराला नावं ठेवली आणि मग आजीबद्दल तासभर बोलल्या.

प्रशिक्षण डब्लिनच्या कॅरिसफर्ट कॉलेजात झालं आणि नोकरीही डब्लिनमध्येच लागली, १९४४ साली. दोन वर्षांनी तिथल्या प्राथमिक शिक्षकांचा पगारवाढीसाठीचा प्रसिद्ध संप झाला. मार्च ते ऑक्टोबर १९४६. त्या वर्षीच्या गेलिक फुटबॉलच्या, म्हणजे इथल्या देशी फुटबॉलच्या, अंतिम सामन्यात मध्यंतराला शिक्षक थेट डब्लिनच्या क्रोक पार्कच्या मैदानात उतरले होते. शेवटी मागण्या पदरात न पडताच संप मागे घ्यावा लागला. बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. खोलीभाडं परवडत नव्हतं म्हणून मैत्रिणीबरोबर एका पलंगावर झोपायच्या, हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून त्वेष असायचा.

मग १९५० साली लग्न ठरलं. १९३४ सालापासून इथे नियम असा की नव्याने नोकरीत आलेल्या शिक्षिकेने लग्न केलं की राजीनामा द्यायचा. पुरुषाला हा नियम नाही, फक्त बाईला. शिक्षकांची बेकारी हे एक कारण दिलं जायचं, आणि बाईची जागा घरात हे दुसरं. मी बाईंना एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं? त्या म्हणाल्या, "शाळेतून शेवटची बाहेर पडले तेव्हा लग्नाचा आनंदही होता आणि संतापही होता. कोणी विचारलं की मी फक्त आनंदाचं सांगायचे." सहा वर्षं उत्तम शिकवलेली, ऐन उमेदीतली शिक्षिका केवळ बोटात अंगठी आली म्हणून नालायक ठरते, हे मला ऐकतानाही सहन होत नव्हतं.

मेयोत सासरी आल्यावर आठ वर्षांत चार मुलं झाली. गाई, कोंबड्या, सासू-सासरे, सगळं होतंच. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गावातली दोन-तीन मुलं येऊन बसायची. त्या काळी माध्यमिक शाळेला फी होती, आणि काउंटी कौन्सिलच्या मोजक्या शिष्यवृत्त्या सोडल्या तर गरिबाच्या मुलाला पुढची वाट नव्हती. बाई त्या परीक्षेची तयारी करून घ्यायच्या. एक मूल मांडीवर, एक पायाशी, आणि समोर व्यवहारी अपूर्णांक. पैसे कधी घेतले नाहीत. कोणी अंडी द्यायचं, कोणी टर्फ उतरवून द्यायला यायचं.

जुलै १९५८मध्ये शिक्षिकांवरची ही बंदी उठली. सरकारी कार्यालयांमधल्या बायकांना त्यासाठी १९७३ साल उजाडावं लागलं. बाई चौतिसाव्या वर्षी जवळच्या दोनशिक्षकी शाळेत रुजू झाल्या. धाकटा दोन वर्षांचा होता, त्याला सासूबाईंनी सांभाळलं. शेजाऱ्यांमध्ये कुजबुज झाली ती सासूबाईंनीच बंद केली म्हणे. त्या माउलीचे उपकार बाई शेवटपर्यंत बोलून दाखवायच्या.

आता बाईंच्या शाळेतल्या दोन भावांची गोष्ट सांगते, कारण बाईंच्या मनात ती कायम होती. मोठा हुशार, विशेषतः गणितात. १९६४ साली चौदाव्या वर्षी प्राथमिक शाळा संपली. शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. फी भरायची ऐपत नव्हती. सोळाव्या वर्षी तो इंग्लंडला बांधकामावर गेला. त्यानंतर सप्टेंबर १९६६मध्ये शिक्षणमंत्री डोना ओमॅली यांनी मंत्रिमंडळाची संमती न घेताच भाषणात मोफत माध्यमिक शिक्षण जाहीर करून टाकलं. पुढच्या वर्षी ते सुरूही झालं, खेड्यांतून मुलांना नेणाऱ्या बससकट. धाकटा भाऊ नेमका तेव्हा वयात आला. वडिलांना तो शेतावर हवा होता. बाई संध्याकाळी सायकलने त्यांच्या घरी जायच्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एका वेळी वडील गोठ्यातून बाहेरच येईनात, तर त्या आत जाऊन दूध काढून होईपर्यंत उभ्या राहिल्या. पोरगा बसमध्ये बसला. पुढे इंजिनियर झाला.

छडीबद्दलही लिहिलं पाहिजे. इथल्या शाळांमध्ये मारण्यावर १९८२मध्ये बंदी आली. बाईंनीही सुरुवातीच्या वर्षांत छडी वापरली होती. "सगळेच वापरायचे हे उत्तर नाही," असं त्या स्वतःहून म्हणाल्या होत्या, आणि चार मुलांची आई होऊन वर्गात परतल्यावर त्यांनी छडी पुन्हा हातात घेतली नाही.

निवृत्ती १९८९मधली. आम्ही इथे आलो तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. माझ्या मुलीला इंग्रजी लिहायला जड जायचं. बाईंनी तिला सांगितलं, "दर शुक्रवारी मला एक पत्र लिहून दारातून आत टाक." सोमवारी पत्र परत यायचं. चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या, अगदी फिकट, म्हणजे पोरीला हव्या तर खोडता याव्यात. समासात एखादा प्रश्न असायचा: 'मग मांजराचं काय झालं?' लेक पुढच्या शुक्रवारी त्याचं उत्तर लिहायची. स्वतःच्या नातवंडांनाही त्यांनी असंच शिकवलं होतं. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तरी अक्षर गोल आणि सुटं.

शंभरावा वाढदिवस २०२४मध्ये झाला. आयर्लंडमध्ये शंभरी गाठली की राष्ट्राध्यक्षांचं पत्र आणि २,५४० युरो मिळतात. पत्र त्यांनी चौकटीत लावलं, पैशांत घराचा जुना बॉयलर बदलून घेतला.

इथल्या पद्धतीप्रमाणे बाईंना घरीच ठेवलं होतं. पुढच्या खोलीत उघडी शवपेटी, भोवती लेकी-सुना, आणि रांगेने येणारं गाव. प्रत्येक जण घरच्यांशी हात मिळवून एक वाक्य बोलतो आणि स्वयंपाकघरात चहाला जातो. सँडविचेस शेजाऱ्यांनी केली होती, आम्हीही केली. रात्र झाली तरी रांग रस्त्यापर्यंत होती, गाड्या लावून द्यायला गावच्या खेळाच्या क्लबची पोरं उभी होती. दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर शाळेची मुलं गणवेशात दोन रांगा करून उभी राहिली. त्यांना बाईंनी शिकवलेलं नव्हतं. काहींच्या आज्यांना शिकवलेलं होतं.

त्या रात्री स्वयंपाकघरात मी कप विसळत होते. टेबलाशी पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. तेच ते मोठे भाऊ, बर्मिंगहॅमहून आलेले. म्हणाले, इंग्लंडला गेल्यावर बाई मला पत्रं लिहायच्या, त्यात गणितं घालून. मी सोडवून पाठवायचो. पुढे तिथे रात्रीच्या वर्गाला नाव घातलं, कंपनीत मोजमापाचं काम मिळालं, तेच निवृत्तीपर्यंत केलं. धाकटा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, मला हे आजच कळतंय. मोठ्याने बशी पुढे सरकवली आणि माझ्याकडे आणखी एक कप चहा मागितला.