मुशीला झाकण नसतं

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, होड्या काठाला लागतात, आणि वाशीतल्या माझ्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कोळीवाड्यातले पेशंट वाढतात. वर्षभर पुढे ढकललेली दुखणी या दोन महिन्यांत बाहेर येतात. ठाणे खाडीच्या काठाने इतके कोळीवाडे आहेत की हे कुटुंब कुठलं ते सांगायची गरज नाही. ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत.

गुरुवार होता. पाच वर्षांचा मुलगा, त्याची आई, बाप आणि आजी असे चौघे आत आले. डॉक्टरसमोरच्या खुर्चीत आजी बसली. मुलाच्या मानेला उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या थोडं वर, टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. मी वरून खाली हलकेच दाबत आले तशी त्यातून एक चिकट, पारदर्शक थेंब बाहेर आला. फायलीत सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठी होती. कुणीतरी याला गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, ठरवून टाकलं होतं. टीबीचा पुरावा म्हणावा असा एकही कागद मात्र फायलीत नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

आईने तोंड उघडलं, उत्तर आजीने दिलं. "जल्मापासून. पोटुशी असताना हिनं गिराणात मासली कापली. गुरुवार, त्यात अवस, त्यात गिराण. मी नको बोलले होते."

सून खाली बघत म्हणाली, "26 डिसेंबर 2019. सकाळचे नऊ वाजले होते. हॉटेलची ऑर्डर होती, डॉक्टर."

तारीख, वार, वेळ, सगळं पाठ. साडेपाच वर्षं ही बाई तो सकाळचा नऊचा ठोका डोक्यात घेऊन फिरत होती. मला एकदम घशाशी आल्यासारखं झालं. ग्रहणाचा काही संबंध नसतो, हे वाक्य मी पंचवीस वर्षं बोलत आले आहे आणि ते कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मी ते बोललेच नाही. चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि मुलाची जन्मतारीख विचारली. जून 2020 चा पहिला आठवडा, भर लॉकडाऊन, पूर्ण दिवसांचं बाळंतपण.

हिशोब सोपा होता. गर्भ चार आठवड्यांचा असताना घशाच्या दोन्ही बाजूंना कमानीसारख्या घड्या उमटतात आणि दोन घड्यांच्या मध्ये खाच राहते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत दुसरी घडी खाली वाढत येते, मागच्या खाचा झाकते आणि मान सपाट होते. ग्रहणाच्या दिवशी हा गर्भ पंधरा आठवड्यांचा होता. म्हणजे जे मिटायचं ते तोपर्यंत मिटलेलं होतं आणि जे उघडं राहायचं ते राहून गेलं होतं. हिने त्या दिवशी मासळी कापली असती काय किंवा चादर ओढून झोपली असती काय, भोक तिथेच असतं.

सून कागदाकडे बघत राहिली. आजी म्हणाली, "काय?"

मी पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. मग विचारलं, "मावशी, मासा ताजा आहे का ते तुम्ही कसं बघता?"

तिने हवेतच अंगठ्याने झाकण उचललं. "कल्ले बघायचे. लालभडक पायजेत."

"ते झाकण कशाचं असतं माहितीये? याच दुसऱ्या घडीचं. माशात ती वाढून कल्ल्यांवर झाकण होते. माणसाच्या गर्भात तीच घडी खाली येते आणि कायमची चिकटते. तुमच्या नातवात ती एका जागी चिकटायची राहिली."

आजीने क्षणभर विचार केला. "मुशीला झाकण नसतंय. उघड्या फटी असतात, पाच."

एमबीबीएसच्या वर्गात हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. मुशी ही शार्कच्या कुळातली. तिच्या घशाच्या फटी आजही एकेक सुटी बाहेर उघडते.

एवढ्यात बाप घाबरून म्हणाला, "म्हणजे याला कल्ले आहेत?" नाहीत. माणसाच्या गर्भाला कधीच कल्ले नसतात. एकोणिसाव्या शतकात हेकेल या जर्मन प्राणीशास्त्रज्ञाने गर्भ आपल्या पूर्वजांच्या अवस्था एकेक करून पुन्हा जगतो असं मांडलं आणि ते इतकं पसरलं की अजून पाठ्यपुस्तकांतून पुरतं हललेलं नाही. घड्या तेवढ्या सारख्या असतात. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात पहिलीचा जबडा होतो आणि कानातली दोन इवली हाडं, दुसरीचं कानातलं तिसरं हाड, शेवटच्यांचा स्वरयंत्राचा सांगाडा. कानाचं बाहेरचं भोक म्हणजे पहिली खाच, उघडी राहिलेली. ती उघडी राहिली म्हणून मला धंदा आहे.

"काय?" आजीने पुन्हा विचारलं, आणि नीट ऐकू यावं म्हणून केस मागे सारून उजवा कान माझ्याकडे केला.

वर सोन्याची बुगडी होती. आणि कानाची पाळ जिथे गालाला मिळते तिथे, वरच्या अंगाला, एक बारीक छिद्र. आधी वाटलं टोचून बुजलेलं असेल. पण त्या जागी कुठलाही सोनार टोचत नाही.

मी उठले. मुलाचा डावा कान बघितला, तिथेही तसंच छिद्र. आईला ते माहीत होतं, अंघोळ घालताना दिसायचं, त्यात सांगण्यासारखं काय म्हणून कुणाला बोलली नव्हती. मग बापाकडे वळले. त्याचे कल्ले चांगले जाडजूड, कानापुढून जबड्यापर्यंत उतरलेले. (माशाच्या श्वासाला आणि माणसाच्या कानापुढच्या केसांना मराठीने एकच शब्द का दिला कोण जाणे, पण त्या दिवशी तो शब्द मला फार शहाणा वाटला.) उजवा कल्ला बाजूला केला. छिद्र. त्याला त्या कानाने कमी ऐकू येत होतं. कंपनीत मशीनजवळ उभा असतो, त्याने झालं असेल असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मानेत नळी (ते भोक म्हणजे तिचंच तोंड), कानापुढे छिद्र, ऐकण्यात उणेपणा, आणि हे सगळं तीन पिढ्यांत. या खुणा अशा एकत्र आल्या की त्याला ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम म्हणतात. ब्रँकिओ म्हणजे कल्ल्यांचं, ओटो म्हणजे कानाचं, रीनल म्हणजे मूत्रपिंडाचं. मी मुलाची ऐकण्याची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. घशाच्या डॉक्टरने किडनी बघायला का सांगितली, हे बापाला पटवायला मानेपेक्षा जास्त वेळ गेला.

सोनोग्राफीला ते गेले आणि मी डबा उघडला, पण डोकं त्यातच होतं. वाळूत पुरून राहणारा अँफिऑक्सस नावाचा बोटाएवढा प्राणी आहे. पाठीत रज्जू आहे, घशाला फटी आहेत, पण त्या पाण्यातून अन्न गाळायला. कवटी नाही, जबडा नाही, कान नाही. डोकं म्हणावं असं काही नाहीच. 1983 मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट या दोन प्राणीशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं की पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचं डोकं ही बरीचशी नवी भर आहे, आणि ती गर्भातल्या दोन गोष्टींमुळे शक्य झाली. एक न्यूरल क्रेस्ट: मज्जानलिका मिटताना तिच्या काठावरून सुटून निघालेल्या पेशी, ज्या चालत येऊन चेहऱ्याची हाडं आणि घड्यांमधली कूर्चा घडवतात. दुसरी प्लॅकोड: कातडीच्या जाड झालेल्या चकत्या, ज्यांतून आतला कान आणि नाकाचं गंधपटल तयार होतं. डोक्यातली कूर्चा गर्भाच्या वरच्या थरातून येते हे ज्युलिया प्लॅट या अमेरिकन बाईने 1893 मध्येच सॅलमँडरच्या गर्भावरून सांगितलं होतं. कूर्चा मधल्याच थरातून येते असा तेव्हा नियम होता, त्यामुळे तिचं कुणी मानलं नाही. विद्यापीठात नोकरीही मिळाली नाही. पुढे ती कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावची महापौर झाली. बरंच झालं म्हणायचं.

या सिंड्रोममध्ये पुष्कळदा बिघडलेला सापडतो तो ईवायए-1 हा जनुक. 1997 मध्ये त्याचा संबंध लागला. त्याचं नाव फळमाशीवरून आलं आहे. माशीत तो बिघडला की डोळेच होत नाहीत, म्हणून 'आइज ॲबसेंट'. माशीच्या डोळ्यासाठी राबणारा हा जुना गडी आपल्यात प्लॅकोडच्या पट्ट्यात, घशाच्या घड्यांत आणि मूत्रपिंडात कामाला लागतो. त्याच्या हातून एक काम राहिलं की इतर ठिकाणची कामंही राहिलेली असू शकतात, म्हणून सोनोग्राफी. जनुकाची तपासणी आम्ही केली नाही. तो खर्च त्यांना झेपणारा नव्हता, आणि उपचार त्याने बदलणार नव्हते.

दुपारी रिपोर्ट आले. उजवी किडनी लहान, काम मात्र ठीक. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, डाव्याला जास्त. आई पहिल्यांदा आपणहून बोलली, "शाळेत बाई म्हणतात, हा मुद्दाम लक्ष देत नाही."

आता सांगायची वेळ होती. सुनेच्या माथ्यावरचं ओझं उचलून सासूच्या माथ्यावर ठेवायचं नव्हतं. मी म्हटलं, हे घराण्यातून येतं, मूल होताना प्रत्येक वेळी निम्मी शक्यता, कुणाच्या वागण्याने येत नाही की टळत नाही. आजी बराच वेळ कानापुढचं छिद्र चाचपत होती.

"आमचे आयेला पन होता," ती म्हणाली. "तिला आमी बहिरी बोलायचो. कानाला असा भोक असला की पैसा टिकतो म्हनं." मग हसली. "कुठं टिकला."

ऑपरेशन दिवाळीनंतर केलं. नळीत निळा रंग भरला आणि मानेवर दोन लहान छेद पायरीसारखे घेत वर गेलो. नळी नेमकी जिथून जायला हवी तिथूनच गेली होती: मेंदूला आणि चेहऱ्याला रक्त नेणाऱ्या दोन धमन्यांच्या बेचक्यातून, जिभेच्या नसेवरून, टॉन्सिलपर्यंत. टॉन्सिलची जागा म्हणजे त्याच खाचेची आतली बाजू. मुलगा आता दोन्ही कानांना मशीन लावून वर्गात पहिल्या बाकावर बसतो.

त्या जुलैतल्याच पुढच्या गुरुवारी दवाखाना बंद करायच्या वेळेला आजी एकटीच आली होती. पाटी रिकामी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. म्हणाली, "माजा पन कान तपास." तपासला. दोन्ही कान बरेच गेले होते, आणि ते आजचं नव्हतं. मशीनबद्दल सांगितलं तर ऐकून घेतलं, हो-नाही काही बोलली नाही. दारातून मागे वळली.

"डाक्टरीण बाय, मी आलेली ते सुनेला नको सांगू."