कमानीच्या पाट्यापासून सुऱ्यापर्यंत: आमची वाटचाल

साक्रीत सुरत रस्त्याच्या कडेला आमचं दुकान आहे. वडिलांच्या काळात इथे विळे, कुऱ्हाडी आणि औताचे फाळ व्हायचे. रानात आणि मुक्कामात वापरायचे फिक्स, म्हणजे न मिटणाऱ्या पात्याचे सुरे मी सुरू केले. लोखंड मात्र तेच, ट्रकच्या कमानीचा (लीफ स्प्रिंगचा) पाटा. त्यात बारीक तडा असला तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून आम्ही आधी पाट्याला रॉकेल लावतो, कोरडा पुसतो आणि वर खडू फासतो. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. असा पाटा आम्ही बाजूला टाकतो, मग तो कितीही स्वस्तात मिळालेला असो.

पहिला सुरा एका ठेलारी, म्हणजे मेंढपाळ, आप्पांनी घेतला. पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन निघायचं, पुढचा पाऊस तोंडावर आला की परतायचं, आणि मधले सगळे महिने उघड्यावर काढायचे. सुऱ्याची पारख त्यांच्याएवढी कुणाला असणार? बाभळीचे डहाळे तोडणं, दोर कापणं, खूर साफ करणं, मेलेल्या मेंढीचं कातडं काढणं, सगळं एकाच पात्यावर. माझा पहिला नमुना हातात घेऊन ते म्हणाले, "मूठ घसरस भाऊ. हात ओला ऱ्हास." टोकही त्यांना फार बारीक वाटलं. आज आमचा जो सुरा चालतो, साडेचार इंच पातं, पाठ चार मिलिमीटर, टोक पाठीकडून थोडं खाली उतरलेलं, तो त्यांच्या बोलण्यातून घडला. मुठीला वखारीतलं वाळलेलं अंजनाचं लाकूड आणि पितळेच्या तीन पिना.

मग ती ऑर्डर आली. एका मोठ्या शहरातला व्यापारी दुकानात येऊन बसला, चहा घेतला, नमुने नेले आणि शेकड्यांनी माल सांगितला. अ‍ॅडव्हान्स नावापुरता दिला. आम्ही कर्ज काढून बेल्ट ग्राइंडर घेतला, सोसायटीचे हप्ते थकवले, घरातलं सोनं गहाण गेलं. माल तयार झाल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. थोड्याच दिवसांत एक ओळखीचा पोरगा मूठ निखळलेला सुरा दुरुस्तीला घेऊन आला. आकार आमचा, मुठीवरची खाचसुद्धा आमची, पण पातं मऊ स्टेनलेसचं, आणि मुठीच्या आत बोटभर लांबीचा खिळा तेवढा. वर मोठ्या अक्षरांत 'हंटिंग नाइफ' छापलेलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पण पोरांना ते नाव आवडतं आणि व्यापारी तेच विकतो. आमच्या पात्यावर ते नाव कधी पडलेलं नाही.

तो हिवाळा फार वाईट गेला. भट्टी दोन-दोन दिवस पेटायची नाही. सावकारासारखा कोळसेवाला दारात. आप्पांनी तेव्हा त्यांच्या वाड्यांवरच्या सगळ्यांना आमच्याकडे पाठवलं, रोख पैसे देऊन. उरलेला माल मी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत नेला. घोडे बघायला आलेल्या लोकांसमोर सुरा बाभळीच्या खोडक्यावर ठेवला, पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकून खोडकं फाडलं आणि त्याच धारेने हातावरची लव काढून दाखवली. शेजारी ती नक्कलही मांडली होती. दुसऱ्या ठोक्यालाच तिची मूठ हलली. सोनं सुटलं ते त्या यात्रेमुळे.

त्यानंतर काम नीट चाललं.

सुरा घेताना चकाकी बघू नका. लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत सलग आहे का, हे आधी बघा. मुठीच्या कडेने पात्याची धातू दिसली पाहिजे. धारेजवळ बारीक कानस हळूच फिरवून बघा. ती सहज चावली तर पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, नीट बसलेलं नाही. आम्ही पातं लोहचुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवतो, साधारण ७७० अंश, मग थोडं आणखी, आणि कोमट शेंगदाणा तेलात बुडवतो. पाण्यात बुडवलं तर हा पाटा तडकू शकतो. नंतर २०० अंशांच्या आसपास दोन तास शेकतो, गव्हाच्या काडीचा रंग चढतो. ही शेकणी टाळली तर सुरा काचेसारखा तुटतो, आणि घाईचे लोक नेमकी तीच टाळतात.

कार्बन पोलाद गंजतं, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. वापरल्यावर पुसा, खोबरेल लावा. पावसात भिजलेल्या चामडी म्यानात सुरा महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडंच पात्याला खातं. सातपुड्यात तोरणमाळला किंवा पालला मुक्कामाला जाणाऱ्याला साडेचार इंच भरपूर होतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र नियम लागू शकतात, शेतीची आणि घरकामाची अवजारं सोडून. त्या भानगडीत पडायचं कारण नाही. आणि कमरेला सुरा लावून बाजारात हिंडू नका, पिशवीत ठेवा.

मध्यंतरी त्या व्यापाऱ्याचा माणूस आला होता, पुन्हा माल हवा म्हणून. आधी मागच्या ऑर्डरीचे पैसे आणा, असं सांगून त्याला परत पाठवलं. आप्पांचा मुलगा आता मेंढ्या घेऊन जातो. त्याच्या सुऱ्याची धार निघण्याआधी आम्हीच लावून देतो, आणि तिचे पैसे घेत नाही.