वर्षभराच्या प्रवासासाठी फिल्म कॅमेरा निवडताना

वर्षभर देशोदेशी फिरायचं आणि फोटो फिल्मवरच काढायचे, हे ठरल्यावर कॅमेरा आणि लेन्स पक्क्या करायला मला चार महिने लागले. त्यातले पहिले दोन 'कुठली लेन्स जास्त शार्प' यातच गेले. मोठ्या जपानी कंपन्यांची ५० मिमीची कुठलीही चांगली लेन्स एफ/८ ला पुरेशी शार्प असते (हा आकडा लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, किती उघडं ते सांगतो; आकडा लहान तितकं तोंड मोठं). वाचायला हवं होतं ते वेगळंच: परक्या गावात सेल संपला तर काय, पुढच्या गावी लेन्स दुरुस्त होईल का, आणि वीस-पंचवीस रोल विमानतळांवरून सुखरूप कसे न्यायचे.

सेलपासून सुरुवात केली. कॅनन एई-१ बाजारात भरपूर मिळतो, पण त्याचं शटर विजेवर चालतं. ६ व्होल्टचा सेल संपला की कॅमेरा बंद. ऑलिंपस ओएम-१ लहान, हलका आणि पूर्ण मेकॅनिकल. त्याचा उजेड मोजणारा मीटर मात्र १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला, आणि ते सेल आता बनत नाहीत. साधा दीड व्होल्टचा सेल घातला की मोजणी चुकते. ॲडॅप्टर बसवावा लागतो किंवा मीटर नव्याने जुळवून घ्यावा लागतो. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७) दणकट आहे, पण मीटर बंद करायला बटणच नाही, लेन्सला टोपण लावून ठेवलं नाही तर सेल उतरत जातो.

शेवटी निकॉन एफएम२एन घेतला. एफएम२ १९८२ चा, त्याची सुधारित 'एन' आवृत्ती १९८४ ची. १ सेकंदापासून १/४००० पर्यंतचे शटरचे सगळे वेग सेलशिवाय चालतात. एसआर४४ चे दोन बटण सेल फक्त मीटरला लागतात. तोच आकार एलआर४४ म्हणूनही मिळतो, पण तो अल्कलाइन, त्याचा व्होल्टेज हळूहळू घसरतो. चार एसआर४४ जवळ ठेवले की पुरे. वाइंडिंगचा, म्हणजे फिल्म पुढे सरकवायचा, खटका आत ढकलला की शटर लॉक होतं, पिशवीत चुकून फ्रेम वाया जात नाही. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला मात्र तोच खटका कपाळाला टोचतो, तेव्हा घेण्याआधी हातात धरून बघा. ओळख: एन आवृत्तीच्या सिरियल नंबरच्या आधी N हे अक्षर असतं.

मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात जुने कॅमेरे हाताळून बघता येतात. दुकानात मी आधी मागचं झाकण उघडायचो. शटरच्या पातळ पट्ट्यांवर तेलाचा डाग दिसला की तो कॅमेरा बाजूला, कारण तेलामुळे पट्ट्या चिकटतात आणि वेग बिघडतो. पट्ट्यांना बोट लावायचं नाही, त्या सहज वाकतात. मग झाकणाच्या खोबणीतला काळा फोम. वीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होतो आणि उजेड आत शिरतो. ही खोड दुरुस्त होणारी आहे: लाकडी दातकोरणीने जुना फोम खरवडायचा, उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, आणि नव्या फोमच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या. हे करताना शटर झाकून घ्या, कण आत पडला तर महाग पडतं. आतला आरसा वर जाऊन जिथे टेकतो तिथला फोमही त्याच वेळी बदला. हा फोम चिकट झाला की आरसा वरच अडकून बसतो.

यानंतरची पायरी कुणी टाळू नये. निघायच्या किमान महिनाभर आधी १०० आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) एक रोल फक्त तपासणीत घालवा. भर उन्हात, उन्हाने उजळलेली साधी भिंत घ्या आणि एफ/१६ ला १/१२५, एफ/११ ला १/२५०, एफ/८ ला १/५००, एफ/५.६ ला १/१०००, एफ/४ ला १/२०००, एफ/२.८ ला १/४००० असे फ्रेम काढा. सगळ्यांवर सारखाच उजेड पडतो, म्हणून धुतलेल्या निगेटिव्हवर सगळे सारखेच गडद दिसायला हवेत. एकच फ्रेम वेगळा आला तर तो वेग चुकीचा. १/२००० आणि १/४००० ला फ्रेमची एक बाजू दुसरीपेक्षा फिकी आली तर शटरची एक पट्टी मागे पडतेय. उरलेल्या रोलवर कॅमेरा अर्धा तास उन्हात ठेवून पुढचे फ्रेम काढले. उजेड शिरत असेल तर रंगीत फोटोंवर नारिंगी पट्टे उमटतात.

लेन्स तीन: २८ मिमी एफ/२.८, ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५, तिन्ही निकॉनच्या एआय-एस जातीच्या (एआय म्हणजे लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी जोडणी). तिन्हींना ५२ मिमीचाच फिल्टर लागतो. एक पोलरायझर, एक पिवळा आणि एक यूव्ही यांवर सगळं भागलं. २८ मिमीची ही लेन्स २० सेंटीमीटरवरूनही फोकस होते, बाजारातल्या ताटापासून देवळाच्या मंडपापर्यंत. झूम घेतली नाही, कारण तिच्यात सरकणारे भाग जास्त आणि एफ/३.५ ला संध्याकाळच्या गल्लीत हात थरथरल्याचं दिसतं. एआयच्या आधीच्या जुन्या निकॉन लेन्स स्वस्तात मिळतात, त्या एफएम२ ला चढवू नका. एफएम२ च्या आधीच्या एफएम मॉडेलवर एआय जोडाची पट्टी दुमडता येते, तशी सोय इथे नाही, आणि कॅमेऱ्याचा तो जोड मोडतो.

लेन्स बघताना ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारायचा आणि दुसरीकडून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते, म्हणून घरी रबर लावलेल्या घट्ट डब्यात सिलिका जेलसोबतच ठेवा.

फिल्म जितकी कमी जातीची, तितकं बरं. मी रंगीत पोर्ट्रा ४०० आणि कृष्णधवल एचपी५ प्लस एवढ्याच ठेवल्या. एचपी५ गरजेला १६०० आयएसओपर्यंत ओढता येते, म्हणजे कमी उजेडात काढून जास्त वेळ धुता येते. चेक-इन सामानात रोल कधीच ठेवू नयेत, तिथल्या स्कॅनरच्या एका फेरीत फिल्म धूसर होते. केबिनकडे नवे सीटी स्कॅनर आले आहेत, तेही धोक्याचे. खोक्यातून काढून सगळे रोल एका पारदर्शक झिप पिशवीत ठेवायचे आणि रांगेत पुढे येण्याआधीच 'हाताने तपासा' असं सांगायचं. अमेरिकेत ही विनंती मान्य करतात. इतरत्र तिथल्या कर्मचाऱ्यावर. म्हणून मी सगळा साठा एकदम नेला नाही. टोकियोत शिंजुकूच्या योदोबाशी आणि बर्लिनमध्ये फोटोइम्पेक्स या दुकानांत रोल मिळतात, तिथे भर घालायची. काढलेले रोल मोठ्या शहरातच धुवून घ्यायचे, कारण एकदा धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रेचं भय नाही.

रोल भरल्यावर पहिल्या दोन फ्रेमना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का बघा. ती हलली नाही तर फिल्म दातांत अडकलेलीच नाही, आणि छत्तीस फोटो काढूनही रोल कोराच निघेल. मूठ आधी हलकेच घट्ट करून घेतली की हे लगेच कळतं.

जाताना भारतीय कस्टम्सकडून कॅमेरा आणि लेन्सचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, म्हणजे परत येताना हे सामान आपण इथूनच नेलं होतं हे दाखवता येतं. त्यात सिरियल नंबर लिहितात, म्हणून सामान हातात घेऊनच जावं, आणि चेक-इनच्या आधी पुरेसा वेळ ठेवावा.