गोठ्याची किंमत १८,६०० युरो

आमच्या म्हशीच्या गोठ्याची किंमत १८,६०० युरो आहे. त्या वेळच्या दराने साडेसोळा लाखांच्या वर. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाईक आण, उद्या खरेदीपत्र करून देतो. म्हस वर फुकट."

ही किंमत कुठून आली, ते सांगतो.

माझं गाव आष्ट्याजवळ, वाळवा तालुक्यात. २०२१ला सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका लॅबला लागलो. दिवसभर टायट्रेशन, आलेल्या मालाचं मॉइश्चर, पीएच, रजिस्टरात सही. पलीकडच्या शेडमध्ये रिअ‍ॅक्टर चालायचा, पण त्यात काय शिजतंय हे विचारायची मुभा नव्हती. खरं सांगायचं तर परदेशी जायची इच्छा तिथून सुरू झाली. शेडच्या आत काय चाललंय ते कळायला हवं होतं, बाकी काही नाही.

इटलीच का, हे मला अजून विचारतात. सांगलीतल्या एका सल्लागाराने इंग्लंड आणि आयर्लंड सोडून तिसरा देश घेतलाच नाही. नंतर कळलं की त्याचं कमिशन तिथूनच येतं. माझी अडचण साधी होती. आमची डिग्री तीन वर्षांची आणि बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची मागतात. इटलीत मात्र त्यांची स्वतःची पहिली पदवीच तीन वर्षांची असते. मिलान विद्यापीठात 'इंडस्ट्रियल केमिस्ट्री'चा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा मास्टर्स इंग्रजीत मिळतो. आणि मुख्य म्हणजे फी घरच्या ऐपतीवर ठरते. शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला १५६ युरो भरायचे, तेही प्रादेशिक कर आणि स्टॅम्पचे. हे वाचून आण्णा म्हणाले, "काहीतरी गोम असणार."

गोम होती. ऐपत सिद्ध करायची होती.

प्रवेशाचं काम त्या मानाने लवकर उरकलं. आयईएल्टीएस, शिफारसपत्रं, युनिव्हर्सइटली पोर्टलवर नोंदणी, डिग्रीची तुलना करणारं 'चिमेआ' या इटालियन संस्थेचं ऑनलाइन प्रमाणपत्र, मुंबईत व्हिसा. नावाचा घोळ झाला तो महाराष्ट्रातल्या प्रत्येकाचा होतो. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, त्यामुळे "हे दोघे एकच" असं प्रतिज्ञापत्र केलं. बँकेचं कर्ज साडेसात लाखांच्या आत ठेवलं, कारण त्यावर गेलं की तारण मागतात, आणि आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहेच. जामीन तात्या राहिले.

खरी दमछाक शिष्यवृत्तीच्या कागदांनी केली. इटलीत कुटुंबाची ऐपत 'इझे' नावाच्या एका आकड्यात मोजतात. परदेशी विद्यार्थ्यासाठी त्याचीच वेगळी आवृत्ती असते. त्यात घरात माणसं किती, उत्पन्न किती, बँकेत शिल्लक किती आणि बांधकाम किती चौरस मीटर, एवढं सगळं लागतं. प्रत्येक कागद सरकारी, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी स्टिकर, शिवाय इटालियन भाषांतर. भारत २००५मध्ये अपॉस्टिलच्या करारात आला, त्यामुळे वकिलातीत खेटे घालायचे वाचतात. पण परराष्ट्र मंत्रालयाचा तो स्टिकर लागण्याआधी राज्य सरकारचा शिक्का लागतो. स्टिकरची सरकारी फी ५० रुपये. त्याच्यासाठी मुंबईला जे हेलपाटे घातले, त्यांचा हिशेब मी ठेवला नाही.

उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढला. त्यांना जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष हवं होतं. आपला दाखला एप्रिल ते मार्च. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी माझं पत्र दोनदा वाचलं आणि परत दिलं. "असलं वर्ष आमच्याकडं नसतंय." मी चौथ्यांदा गेलो तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. दोन आर्थिक वर्षांचे दोन दाखले घ्यायचे, खाली महिन्यांची फोड लिहून वर साहेबांची सही. एवढं करून भाषांतरात २,१०,०००चे २१,००,००० झाले. आपला स्वल्पविराम आणि त्यांचा पूर्णविराम यांच्या गोंधळात भाषांतरकाराने एक शून्य जास्त दिलं होतं. सांगली-मुंबई रातराणीत, मोबाईलच्या उजेडात सहज चाळताना दिसलं. दिसलं नसतं तर आम्ही कागदोपत्री बागायतदार झालो होतो.

आता गोठा. परदेशातल्या बांधकामाची किंमत ते सरसकट ५०० युरो प्रति चौरस मीटर धरतात. घर मुंबईतलं असो की माळावरचं. ग्रामपंचायतीच्या घर उताऱ्यावर आमचं बांधकाम १,०५० चौरस फूट होतं. प्रत्यक्षात घर ६५०, आणि ४०० फुटांचा पत्र्याचा गोठा, जो ग्रामसेवकांनी कधीतरी एकाच ओळीत टाकलेला. ४०० फूट म्हणजे ३७.२ चौरस मीटर, गुणिले ५००. पुन्हा मोजणी, पुन्हा अर्ज, आणि "सदर बांधकाम जनावरांसाठी वापरात आहे" असा वेगळा दाखला. हा दाखला इटालियनमध्ये वाचायला फार भारदस्त वाटतो.

२०२३च्या सप्टेंबरात पोहोचलो. आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो आणि तो पोस्टात मिळतो. त्याला लागणारं १६ युरोचं तिकीट मात्र तंबाखूच्या दुकानात. आपल्याकडे मुद्रांक विक्रेता कोर्टाबाहेर खुर्ची टाकून बसतो, तिथे तो सिगारेट विकतो. पहिल्या आठवड्यात ओळखीचं वाटलं ते एवढंच.

अभ्यासात मजा आली आणि भीतीही वाटली. पॉलिमरच्या तासाला पॉलिप्रॉपिलीन निघालं. जूलिओ नात्ता यांनी ते १९५४मध्ये याच शहरात, आमच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या पॉलिटेक्निकमध्ये नीट घडवलं. साखळीवरचे सगळे मिथाइल गट एकाच अंगाला आले की साखळ्या दाटीने बसतात आणि मऊ चिकट पदार्थाचं कडक प्लॅस्टिक होतं. १९६३चं नोबेल त्यांना आणि त्सीग्लर यांना मिळून मिळालं. मला आठवली ती युरियाच्या रिकाम्या पोत्याची खोळ. त्या पोत्यांच्या पट्ट्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्याच विणतात. पावसाळ्यात ती डोक्यावर घेऊन मी कित्येकदा पाणी पाजायला गेलोय.

पण फेब्रुवारीत पहिली तोंडी परीक्षा आली. इटलीत ३०पैकी मार्क, १८ला पास. मिळालेले मार्क पसंत नसतील तर ते नाकारून पुढच्या तारखेला परत बसता येतं. आदल्या रात्री तात्यांना फोन लावला. तात्या साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे साखरेचा पाक शिजवणारे. गळीत हंगाम चालू, रात्रपाळी, मागे यंत्रांचा आवाज. मी विचारलं, क्वाड, म्हणजे उसाचा रस आटवायची ती चार भांड्यांची (बॉडींची) रांग, कसं चालतं ते परत सांगा. "सोपं हाय. बॉयलरची वाफ फक्त पहिल्या बॉडीला. पहिलीत रसातनं जी वाफ निघती ती दुसरीला, दुसरीची तिसरीला. शेवटच्या बॉडीला व्हॅक्यूम असतंय, म्हणून तिथं रस हात पोळंल एवढ्यावरच उकळतोय."

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला: पाणी उडवण्याचा खर्च कसा कमी कराल? मी तात्यांचंच उत्तर इंग्रजीत दिलं. एक किलो वाफेवर साधारण चार किलो पाणी, चारही बॉडींचे दाब, शेवटचं तापमान. नॉर्बेर रिल्यू यांनी १८४३मध्ये याचं पेटंट साखरेसाठीच घेतलं होतं, तेही घातलं. प्राध्यापिकाबाई खूश दिसल्या. मग म्हणाल्या, चारच का? वीस का नकोत?

मी म्हणालो, लोखंडाचा खर्च. त्या म्हणाल्या, तो आहेच, आणखी? मी गप्प. त्यांनी धागा दिला: दाट द्रव किती तापमानाला उकळतो?

आणि मला आमची गुऱ्हाळं आठवली. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली की रस दाटत जातो. गुळव्या उकळता राब थेंबभर थंड पाण्यात सोडतो, त्याची गोळी वळतो आणि ताटावर आपटतो. टण् वाजलं की काहील उतरवायची. त्या वेळी राब ११८ अंशांच्या आसपास असतो. पाणी १००ला उकळतं, राब ११८ला. जेवढा दाट तेवढं उकळायला जास्त तापवायला लागतं, म्हणजे प्रत्येक बॉडीत हाताशी असलेल्या तापमानाच्या फरकातला थोडा वाया जातो. वीस बॉडी केल्या तर वाटायला काही उरतच नाही. हे मी लहानपणापासून बघत होतो आणि पुस्तकातही वाचलं होतं. दोन्ही एकत्र यायला मला त्या खुर्चीत दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं तोंडी परीक्षेत फार मोठी असतात.

२३. घेणार का, त्यांनी विचारलं. माझ्या आधीच्या मुलीने २६ नाकारले होते. पण १० ऑगस्टपर्यंत २० क्रेडिट झाले नाहीत तर शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता येत नाही. नाकारायची चैन मला परवडणारी नव्हती. मी घेतले.

जुलैत २४ क्रेडिट झाले, हप्ता आला. त्याच आठवड्यात आण्णांचा फोन. दुधाचे पैसे बरे आलेत, गोठा वाढवून आणखी एक म्हस घ्यावी म्हणतोय, विटा सांगितल्यात. मी बसल्या जागेवरून उठलो. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो.

"आण्णा, उतारा निघूस्तोवर वीटसुद्धा लावू नका."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"मग म्हस बांधू कुठं? तुझ्या खोलीत?"